कृत्रिम बुद्धिमत्तेतील भांडवल आणि भोर-वेल्ह्याचे भातखाचर

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द आता वर्तमानपत्रांतून गावच्या पारापर्यंत येऊन पोचला आहे. या यंत्रविद्येत जगभर अपार पैसा ओतला जात आहे व त्यामुळे देशोदेशींची भरभराट होणार आहे, असे एकीकडे सांगितले जाते. हा सारा फुगा असून तो एक दिवस फुटणार आहे, असे दुसरीकडे ऐकू येते. भोर तालुक्यातील आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील शेतकऱ्यांच्या मनात त्यामुळे दोन प्रश्न उभे राहणे स्वाभाविक आहे. या पैशाने उत्पन्न खरोखर वाढते काय? आणि वाढलेच, तर ते आपल्या खाचरापर्यंत पोचेल काय? या दोन प्रश्नांचा विचार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधू-भगिनींना सोप्या रीतीने करता यावा, यासाठी हा पाठ आहे.

भांडवल किती व कशावर

आज न खाता उद्याच्या उत्पन्नासाठी जो पैसा व जे श्रम आपण घालतो, त्यास भांडवल म्हणतात. डोंगरउतारावर घातलेली ताल, खोदलेली विहीर, गोठ्यातील बैलजोडी ही सर्व भांडवलाचीच रूपे होत. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे भांडवल मुख्यतः तीन गोष्टींवर खर्च होते : अतिवेगवान गणनयंत्रे व त्यांतील चिप, ती यंत्रे ठेवण्याच्या प्रचंड इमारती म्हणजे डेटा सेंटर, आणि त्या चालविण्यासाठी लागणारी वीज. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज एकट्या डेटा सेंटरांनी वापरली.

खर्चाचा आकडा समजून घेण्यासारखा आहे. अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट आणि मेटा या चार अमेरिकन कंपन्यांचा २०२५ या एका वर्षातील भांडवली खर्च ३५० अब्ज डॉलरहून अधिक होता. रुपयांत ही रक्कम ३० लाख कोटींच्या वर जाते. महाराष्ट्र राज्याचा २०२५-२६ चा संपूर्ण अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. म्हणजे आपल्या राज्याच्या वर्षाच्या खर्चाच्या चौपट पैसा चार कंपन्यांनी एका वर्षात घातला. तो सर्वच कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नव्हता, परंतु फार मोठा भाग त्यासाठीच होता.

आपल्या देशातही हा ओघ आला आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये 'इंडिया एआय' मोहिमेस पाच वर्षांकरिता सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर घालण्याचे जाहीर केले. पुण्याच्या परिसरात तर मायक्रोसॉफ्टचे डेटा सेंटर २०१५ पासूनच चालू आहे.

खर्चाची वाढ आणि उत्पन्नाची वाढ

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. समजा, एखाद्या गावाने भाताची गिरणी उभारावयाचे ठरविले. पहिल्या वर्षी गवंड्यास काम मिळते, वाळू-विटांची वाहतूक होते, मजुरांच्या हाती पैसा येतो, दुकानदाराचा धंदा वाढतो. गावाचे उत्पन्न त्या वर्षी निश्चितच वाढलेले दिसेल. परंतु ही बांधकामाची वाढ होय. बांधकाम संपले की ती थांबते. दुसऱ्या वर्षापासून गावाचे उत्पन्न वाढेल की नाही, हे गिरणीत किती भात भरडले गेले आणि पूर्वीपेक्षा किती कमी खर्चात व किती कमी तुकड्यात भरडले गेले, यावर अवलंबून राहील. यंत्रे परगावाहून आणली असतील, तर पहिल्या वर्षीच्या खर्चाचाही मोठा भाग गावाबाहेर गेलेला असेल.

देशाच्या बाबतीत असेच घडते. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नात जी वाढ झाली, तीत गणनयंत्रे व तत्सम साधनांवरील गुंतवणुकीचा वाटा फार मोठा होता. परंतु त्यांतील बऱ्याच चिप तैवानमध्ये तयार होतात. आयातीची वजाबाकी केली असता तो वाटा उतरतो. ही अजून गिरणीच्या बांधकामाचीच वाढ आहे.

बांधकामानंतरची वाढ येण्यास वेळ लागतो, हा इतिहासाचा अनुभव आहे. न्यूयॉर्क शहरात एडिसन यांचे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. परंतु अमेरिकन कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे मोठी वाढ दिसली ती १९२० च्या दशकात. आरंभी कारखानदारांनी वाफेचे यंत्र काढून त्याच जागी विजेची मोटार बसविली, बाकीची मांडणी जुनीच ठेवली. पुढे प्रत्येक यंत्रास स्वतंत्र मोटार देऊन कामाची सारी रचना बदलली, तेव्हा लाभ झाला. संगणकाचे युग सर्वत्र दिसते, पण उत्पादकतेच्या आकड्यांत मात्र दिसत नाही, अशा आशयाची तक्रार अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये केली होती. ती वाढ नंतर दिसली. साधन विकत घेणे सोपे. त्याप्रमाणे कामाची रीत बदलणे कठीण, हेच यावरून दिसते.

भाटघरचा धडा

हा सिद्धांत समजण्यासाठी भोरकरांना दूर जावयास नको. वेळवंडी नदीवरील भाटघरचे धरण, ज्यास पूर्वी लॉईड धरण म्हणत, त्याचे उद्घाटन १९२८ मध्ये झाले. त्या काळी हा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. जमीन येथील पाण्याखाली गेली. पाणी मात्र नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापुराकडे आणि उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे गेले. १९३२ मध्ये देशी साखरेस जकातीचे संरक्षण मिळाल्यावर त्या भागात उसाची लागवड व साखर कारखाने वाढले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. आज बारामती परिसराची जी संपन्नता आपण पाहतो, तिच्या मुळाशी या खोऱ्यांत अडविलेले पाणी आहे. उलट धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते.

यातून तीन गोष्टी शिकावयाच्या. पहिली, नुसत्या धरणाने संपन्नता आली नाही. कालवा, ऊस, कारखाना, कर्जपुरवठा व बाजार हे सर्व जुळल्यावर ती आली, आणि त्यास अनेक वर्षे लागली. दुसरी, पाणी हाती येताच अंदाधुंद वापरल्याने कालव्याखालील कित्येक जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. चांगल्या साधनाचाही अविचारी वापर नुकसान करतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, लाभ कोणास मिळाला हे धरणाच्या भिंतीने ठरविले नाही, ते कालव्याच्या आखणीने ठरविले.

कृत्रिम बुद्धिमत्तेतील भांडवलास हाच न्याय लावावा. डेटा सेंटर हे धरण समजा. त्याचा कालवा कोठवर येतो, आणि त्याची चारी आपल्या बांधाला लागते की नाही, हा खरा प्रश्न होय. येथे एक फरकही आहे. धरण शंभर वर्षे टिकते. गणनयंत्रे मात्र पाच-सहा वर्षांत जुनी होतात. म्हणून ज्यांनी हा पैसा घातला आहे, त्यांना तो लवकर वसूल करावा लागेल. ही घाईच बाजाराच्या चढउताराचे एक मोठे कारण आहे.

पोटरीतले पीक आणि बाजाराचा अंदाज

भात पोटरीत असताना कणगी भरल्याचा हिशेब कोणी जाणता शेतकरी करीत नाही. निसवणीच्या वेळी पाऊस झोडपून गेला, की दाणे पोचट राहतात. शेअरबाजारात मात्र पोटरीतल्या पिकाचाच व्यवहार होतो. पुढील दहा-पंधरा वर्षांत कंपनीस किती नफा होईल, याच्या अंदाजावर आजची किंमत ठरते. चिप तयार करवून विकणाऱ्या एनव्हिडिया या कंपनीचे बाजारमूल्य ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटी डॉलरवर गेले. त्याच कंपनीचे मूल्य त्याच वर्षी २७ जानेवारी रोजी एका दिवसात सुमारे ५९० अब्ज डॉलरने घसरले होते. कारण एवढेच, की डीपसीक नावाच्या चिनी कंपनीने कमी खर्चात तशीच प्रणाली तयार केल्याची वार्ता आली व चिपची मागणी घटेल असे लोकांस वाटले. कारखाना तोच, माल तोच. बदलला तो अंदाज.

तज्ज्ञांचे अंदाजही एकमेकांपासून फार दूर आहेत. गोल्डमन सॅक्स या वित्तसंस्थेने २०२३ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे दहा वर्षांत जगाचे उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी वाढू शकेल असे म्हटले. २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ डॅरन असेमोग्लू यांच्या गणिताप्रमाणे अमेरिकेच्या उत्पादकतेतील दहा वर्षांची एकूण वाढ ०.६६ टक्क्यापेक्षा अधिक नसेल. दोघेही विद्वान आहेत. भेद आहे तो गृहीतकांत : किती कामे यंत्राकडे जातील, त्यांत खर्च किती वाचेल, आणि लोक ती रीत किती लवकर उचलतील.

मग हे सारे व्यर्थ जाईल काय? तसेही समजू नये. इंटरनेटच्या पहिल्या लाटेत अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजाराचा निर्देशांक मार्च २००० मध्ये शिखरावर पोचला व ऑक्टोबर २००२ पर्यंत जवळजवळ ७८ टक्के कोसळला. जुने शिखर पुन्हा गाठण्यास २०१५ उजाडले. अनेक कंपन्या बुडाल्या. परंतु त्यांनी जमिनीत व समुद्रात टाकलेल्या तारा राहिल्या, आणि त्याच तारांवर पुढे जगाचा व्यवहार वाढला. गुंतवणूक करणारा बुडू शकतो आणि त्याने निर्माण केलेले साधन समाजास उपयोगी पडू शकते. म्हणून साधन उपयोगी आहे की नाही हा प्रश्न निराळा, आणि त्याचे शेअर आज घ्यावेत की नाही हा प्रश्न निराळा. या दोहोंची गल्लत करू नये.

आपल्यापर्यंत येणाऱ्या वाटा

भोर-वेल्ह्याचा शेतकरी शेअर घेवो वा न घेवो, या भांडवलाचे परिणाम त्याच्यापर्यंत तीन वाटांनी येतात.

पहिली वाट पुण्याच्या बाजारपेठेची. आपल्या इंद्रायणीचा व आंबेमोहराचा मोठा ग्राहक म्हणजे पुण्यातील पगारदार कुटुंब होय. हिंजवडी-खराडीच्या नोकऱ्यांवर अशी हजारो कुटुंबे चालतात. टीसीएस या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० म्हणजे २ टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे थेट कारण नसून आवश्यक कौशल्याचा अभाव हे कारण असल्याचे कंपनीने सांगितले. तथापि कामाचे स्वरूप बदलत आहे हे स्पष्ट आहे. शहरातील मिळकत वाढली तर चांगल्या तांदळास दर मिळतो; ती डळमळली तर ग्राहक स्वस्त तांदळाकडे वळतो.

दुसरी वाट रुपयाच्या किमतीची. २०२५ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय शेअरबाजारातून दीड लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढून घेतली. चिप व गणनयंत्रे करणाऱ्या देशांकडील ओढा हे त्याचे एक कारण होते. अमेरिकेचे आयातशुल्क व इतर कारणेही होती. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरचा भाव ९० रुपयांच्या वर गेला. पोटॅश, खतांचा कच्चा माल, खनिज तेल व खाद्यतेल आपण परदेशातून आणतो. रुपया उतरला की त्यांचा भार शेतकऱ्यावर अथवा सरकारच्या अनुदानावर पडतो.

तिसरी वाट जमिनीच्या भावाची. शहरात पैसा खेळू लागला की राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी व धरणांच्या काठी जागा घेणारे येतात. भाव चढा असताना विकलेली जमीन मंदीतही परत मिळत नाही. तेजीच्या हवेवर वडिलार्जित खाचर विकण्याचा निर्णय घेऊ नये. घेणे अपरिहार्य असल्यास घरातील सर्वांशी विचारविनिमय करून घ्यावा.

चारी खाचरापर्यंत कशी येईल

बारामती येथील कृषी विकास संस्थेने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. उपग्रहाची चित्रे, शेतातील हवामान केंद्र व जमिनीतील ओलावा मोजणारी साधने यांच्या आधारे पाणी व खत केव्हा व किती द्यावे, याची सूचना शेतकऱ्यास भ्रमणध्वनीवर मिळते. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरण २०२५-२०२९ मंजूर केले व पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. 'महाविस्तार' या अॅपवर मराठीतून पीकसल्ला विचारता येतो.

परंतु बारामतीचा ऊस आणि वेल्ह्याचे भात यांत अंतर आहे. शेतीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकडा, अर्थात जवळजवळ बरोबर एक गुंठा. सपाटीवरील एक एकर उसात असे चाळीस ठिपके बसतात. आपले दोन-तीन गुंठ्यांचे खाचर दोन-तीन ठिपक्यांत संपते, आणि त्यांत बांध, गवत व शेजारच्या खाचराचे पाणी मिसळते. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकी गरज असताना, ढगांमुळे असे चित्र मिळत नाही. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या गावांत व महामार्गालगतच्या कापूरहोळ-नसरापूर पट्ट्यात पावसाचे मान इतके भिन्न आहे, की एका ठिकाणचा मोजमापाचा आकडा दुसऱ्यास लागू पडत नाही. यंत्र शिकते ते दिलेल्या नोंदींवरून. ज्या पिकाच्या व ज्या भागाच्या नोंदी नाहीत, त्यांच्याविषयी त्याचा सल्ला कच्चा असतो.

यास्तव चारी आपल्याकडे वळवावयाची, तर पहिले काम महागडी उपकरणे घेण्याचे नव्हे, ते नोंदींचे आहे. आणि स्वस्त साधनाचाही लाभ होतो, याचे उदाहरण आहे. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे केलेला मोसमी पावसाच्या आगमनाचा स्थानिक अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना साध्या संदेशाने कळविला. मध्य प्रदेश व बिहार येथे दूरध्वनीवरून चौकशी केली असता ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी त्यानुसार मशागतीची वा पेरणीची वेळ बदलल्याचे सांगितले. शेतकऱ्यास यासाठी एक पैसाही भांडवल घालावे लागले नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपला होता. अशा वर्षी रोपवाटिका केव्हा टाकावी, याचा आठ दिवस आधी मिळालेला भरवशाचा सल्ला भातकऱ्यास किती मोलाचा, हे सांगावयास नको.

करावयाची कामे

१. प्रत्येक शेतकऱ्याने खाचरनिहाय वही ठेवावी : वाण, रोप टाकल्याची व लावणीची तारीख, खत, कीड-रोग, निसवणीची तारीख आणि मळणीचे वजन. खर्च व विक्रीचा दरही लिहावा.

२. गावाने शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी ठराविक वेळी पाऊस नोंदवावा. हे काम शाळेतील मुले उत्तम करू शकतात.

३. अॅपवरून मिळालेला सल्ला प्रथम एका खाचरात अजमावावा व शेजारचे खाचर नेहमीच्या रीतीने करावे. सुगीच्या वेळी दोहोंचे वजन समक्ष करून फरक वहीत मांडावा. चारसूत्री लागवड आपल्या भागात अशा डोळ्यांदेखतच्या प्रात्यक्षिकांनीच रुजली.

४. कोणत्याही उपकरणासाठी एकट्याने कर्ज काढू नये. शेतकरी गटाने मिळून घ्यावे. घेण्यापूर्वी त्याचे आयुष्य किती वर्षे, दुरुस्ती कोठे, वार्षिक वर्गणी किती आणि आपली माहिती कोणाच्या मालकीची राहील, हे लेखी विचारावे.

५. 'कृत्रिम बुद्धिमत्तेने शेअरबाजारात हमखास नफा' असे सांगणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. हमखास नफ्याचे यंत्र ज्याच्याजवळ आहे, त्यास आपल्या पैशाची गरज नसते. गुंतवणुकीचा सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे की नाही, हे पाहावे.

६. शहरात शिकणाऱ्या मुलामुलींना यंत्र वापरण्याबरोबरच यंत्राचे उत्तर तपासण्याचे शिक्षण घ्यावयास सांगावे. पिकाचे, जमिनीचे व हिशेबाचे पक्के ज्ञान असलेल्यासच ते तपासता येते.

७. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने वरील वह्यांची नक्कल हंगामाच्या शेवटी तालुका कृषी कार्यालयात द्यावी व भातासाठी, डोंगरी खाचरांसाठी आणि नाचणी-वरईसाठी प्रयोग घेण्याची मागणी गटामार्फत लेखी नोंदवावी.

यांपैकी शेवटचे काम विशेष महत्त्वाचे आहे. भाटघरच्या कालव्याची आखणी झाली तेव्हा भोरच्या कुणब्यास कोणी विचारले नाही, आणि विचारावे असा अधिकारही त्यास नव्हता. आज ग्रामसभा आहे, शेतकरी गट आहेत, शासनाचे धोरण छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्या धोरणातील पैसा कोणत्या पिकावर व कोणत्या तालुक्यात खर्च व्हावा, हे ठरत असतानाच आपली मागणी नोंदींसह पुढे आली पाहिजे. जगाच्या बाजारात तेजी येईल, मंदीही येईल. ती थोपविणे आपल्या हाती नाही. येत्या खरिपापूर्वी वही आखणे व पर्जन्यमापक उभा करणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.